मंडळ कशासाठी?

परवा संध्याकाळी आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ मुदतठेवीचा फॉर्म घेऊन आले. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे हे काम आपोआप येतं. दहा मिनिटांत फॉर्म भरून झाला, चहाही झाला, तरी ते उठेनात. शेवटी रिकाम्या कपाकडे बघत म्हणाले, “साहेब, मुलाचा फोन आला होता.”

मुलगा बाहेरगावी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला मुलींविषयी तसं काही वाटत नाही, मुलांविषयी वाटतं, आणि हे शाळेत असल्यापासूनचं आहे, असं त्यानं आईला फोनवर सांगितलं होतं. हे सांगताना गृहस्थांचा आवाज अगदी खाली गेला. मग एकदम चढला. “आणि तिथं म्हणे यांचं मंडळ आहे! कॉलेजच्या परवानगीनं! आम्ही कर्ज काढून शिकायला पाठवलं, आणि हे मंडळं काढतायत. मंडळ नसतं तर हे खूळ डोक्यात शिरलं असतं का?”

प्रश्न रागाचा होता, पण मनापासूनचा होता. तो पुष्कळ घरांत विचारला जातो. मी लगेच काही बोललो नाही, कारण मला एक खाट आठवली.

ही गोष्ट १९७९ सालची. वसतिगृहात आम्ही एका खोलीत तिघं होतो. त्यातला एक लहानशा तालुक्याच्या गावाहून आलेला. अक्षर मोत्यासारखं आणि अकाउंटन्सी अशी पक्की, की परीक्षेच्या आदल्या रात्री अर्धं वसतिगृह त्याच्याकडून ताळेबंद जुळवून घ्यायला यायचं. तो बोलायचा हळू, चालायचा थोडा निराळा. एवढ्यावरून मेसमध्ये त्याला एका नटीचं नाव पडलं होतं. एक दिवस कुणाच्या तरी हाती त्याच्या वहीतलं पत्र लागलं. वरच्या वर्गातल्या एका मुलाला लिहिलेलं, न पाठवलेलं. ते मेसमध्ये जेवणाच्या वेळी मोठ्यानं वाचलं गेलं. सगळे हसले. मीही हसलो. न हसणारा मी एकटाच पडलो असतो, आणि ते धैर्य माझ्यात नव्हतं.

चार दिवसांनी तो ट्रंक घेऊन गेला. परीक्षेलाही आला नाही. त्याची खाट वर्षभर रिकामी होती. आम्ही तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालायचो.

त्या वसतिगृहात कसलंही मंडळ नव्हतं. ‘एलजीबीटीक्यू’ ही अक्षरं तेव्हा कुणी ऐकली नव्हती. तरी तो होता. मंडळ नव्हतं म्हणून तो बदलला नाही; फक्त त्याचं शिक्षण सुटलं.

तो काळच जुना, असं म्हणावं, तर २०१० सालची गोष्ट पाहा. ती आपल्या भाषेच्या एका प्राध्यापकाची आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. आधुनिक भारतीय भाषा विभागाचे ते प्रमुख होते, कवीही होते. ‘पायाखालची हिरवळ’ हा त्यांचा संग्रह. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या विद्यापीठातल्या घरात घुसली आणि एका पुरुषासोबतचे त्यांचे खासगी क्षण त्यांनी चित्रित केले. विद्यापीठानं घुसणाऱ्यांच्या आधी सिरसांनाच दोषी धरलं. त्यांना निलंबित केलं, घर सोडायला सांगितलं. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिलला न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. तपास झाला, पण कुणावर गुन्हा शाबीत झाला नाही. पुढे त्यांच्यावर ‘अलीगढ’ हा हिंदी चित्रपट आला. मनोज बाजपेयींनी सिरसांची भूमिका केली. अनेकांनी त्यांचं नाव तेव्हा प्रथम ऐकलं.

ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा विचार करायला लावते. कारण कायदा त्या वेळी सिरसांच्या बाजूला होता. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयानं जुलै २००९ मध्येच दिला होता. न्यायालयात ते जिंकत होते. पण न्यायालयाची तारीख महिन्यातून एकदा येते आणि संध्याकाळ रोज येते. त्या रोजच्या संध्याकाळी जिथं निर्धास्तपणे जाऊन बसावं, अशी जागा इतक्या मोठ्या आवारात त्यांच्यासारख्यासाठी नव्हती.

पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, मुंबईत पवईच्या आयआयटीत विद्यार्थ्यांनी ‘साथी’ नावाचा गट सुरू केला. नाव किती साधं! अशा गटांचं कामही साधंच असतं. नव्या मुलांना वर्षाच्या सुरुवातीला सांगायचं, की असा गट आहे. कुणी पत्र लिहिलं, तर त्याचं नाव गुप्त ठेवायचं. एखादा चित्रपट दाखवायचा, त्यावर बोलायचं. जे समलिंगी नाहीत त्यांनाही येऊ द्यायचं, म्हणजे दारात पाऊल ठेवलं की शिक्का बसला असं होत नाही. घरी सांगू का, कसं सांगू, हे ज्यानं स्वतः सोसलंय अशा मोठ्या विद्यार्थ्याला विचारता येतं.

डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीचा निकाल फिरवला आणि १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ पुन्हा पूर्ववत लागू झालं. तरी अशा गटांतली मुलं पांगली नाहीत. २०१८ मध्ये निरनिराळ्या आयआयटींतल्या २० आजी-माजी विद्यार्थ्यांनी ‘प्रवृत्ती’ या आपल्या गटातर्फे सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं एकमतानं निकाल दिला, की प्रौढांमधला असा संमतीचा संबंध गुन्हा नाही. आमच्या मेसमध्ये ज्याचं पत्र वाचलं गेलं, त्याच्या वयाच्या मुलांनी आपली नावं घालून याचिका केली होती.

संस्थांनाही हळूहळू जाग आली. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी नियमांत लैंगिक कल आणि ट्रान्सजेंडर असणं, या कारणांवरून होणारा छळ स्पष्टपणे घातला. म्हणजे आम्ही १९७९ साली ज्याला गंमत म्हणत होतो, त्याला आज रॅगिंग म्हणतात. हे नियम प्रत्येक महाविद्यालयाला लागू आहेत. पण नियमावर बोट ठेवून दाद मागायची, तर पाठीशी कुणीतरी लागतं.

गृहस्थांनी मध्येच विचारलं, “पण साहेब, यावर औषध असेल ना काही?”

मी त्यांना सांगितलं, की आजारच नाही, तर औषध कसलं? जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. असा कल बदलून देण्याचे ‘उपचार’ करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये कळवलं. कुणी इलाजाचे पैसे मागितले, तर तो फसवतोय असं समजा.

मग मंडळाकडे वळलो. नोकरीत माझी दोनदा राज्याबाहेर बदली झाली. दोन्ही वेळा बाडबिस्तरा टाकल्यावर पहिल्या रविवारी मी एकच गोष्ट शोधली, महाराष्ट्र मंडळ. तिथं गेलो म्हणून मी मराठी झालो नाही. मराठी होतो म्हणून गेलो. दोन तास आपली भाषा बोललो, आणि सोमवारी जरा बऱ्या मनानं काउंटरवर बसलो. तुमच्या मुलाचं मंडळ याहून निराळं काय आहे? तो आठवडाभर गणितं सोडवत असेल, इतरांसारखी परीक्षेची धास्ती घेत असेल. त्यात हे एक ओझं जास्तीचं. ते जिथं तासभर खाली ठेवता येतं, ती जागा बंद झाली, तर ओझं जात नाही, नुसती जागा जाते.

“आणि मंडळ फक्त मुलांचंच असतं असं नाही,” मी म्हटलं. “मुंबईत २०१७ पासून ‘स्वीकार’ नावाचा अशा मुलांच्या पालकांचा गट आहे. २०२३ मध्ये विवाहाच्या हक्काचा खटला चालू असताना ४०० हून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्या ऑक्टोबरच्या निकालात तो हक्क मिळाला नाही. पण एवढे आईबाप आपापल्या मुलांच्या मागे उभे राहिले.”

ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांना मी त्या खाटेची गोष्ट सांगितली. आजवर ती घरीही कधी सांगितली नव्हती. मी हसलो होतो, हेसुद्धा सांगितलं.

उठताना त्यांनी फॉर्मची घडी खिशात घातली. “दिवाळीला येतोय तो,” म्हणाले. “काय बोलू?”

“नेहमीचंच बोला. प्रवास कसा झाला, मेसचं जेवण कसं आहे. आणि जमलं, तर त्या मंडळातल्या मित्रांची नावं विचारा.”

ते जिना उतरून गेले. विचारतील की नाही, मला माहीत नाही. पण मुलाचं गुपित बाहेरच्या माणसाशी बोलायला ते आपण होऊन आले होते, एवढी आशा मी धरून आहे.