जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचा संग्रह

जुन्या चिनी मातीच्या भांड्यांचा संग्रह हा पूर्वी वापरलेल्या कपबश्या, ताटल्या, किटल्या, वाडगे, बरण्या व शोभेच्या वस्तू शोधून, पारखून जतन करण्याचा छंद आहे. अशी भांडी जुन्या बाजारांत, भंगाराच्या दुकानांत, लिलावांत किंवा घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाटात सापडतात. संग्राहक ती घराच्या सजावटीसाठी, रोजच्या वापरासाठी किंवा भेट देण्यासाठी घेतात. भांड्याचे मोल केवळ त्याच्या वयावर ठरत नाही. ते कशाचे, कोठले व केव्हाचे आहे, त्याची दुरुस्ती झाली आहे काय आणि त्यात अन्न वाढणे सुरक्षित आहे काय, या प्रश्नांची उत्तरे त्या मोलाचा मुख्य भाग असतात.

संज्ञा

बाजारात 'अँटिक' हा शब्द सामान्यतः शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी वापरला जातो. 'व्हिंटेज' हा शब्द त्याहून अलीकडच्या, पण आजच्या काळातील नसलेल्या वस्तूंसाठी सैलपणे योजतात. त्याला कायदेशीर व्याख्या नाही. 'सेकंडहँड' म्हणजे पूर्वी कोणीतरी वापरलेली कोणतीही वस्तू.

मराठीत 'चिनी माती' हा शब्द अनेक निरनिराळ्या पदार्थांसाठी सरसकट वापरला जातो. त्यांतील प्रमुख भेद पुढीलप्रमाणे आहेत.

अर्थनवेअर : तुलनेने कमी तापमानावर भाजलेली, सच्छिद्र अंगाची भांडी. झिलईखेरीज त्यांतून पाणी झिरपते.

स्टोनवेअर : अधिक तापमानावर भाजलेली, घट्ट व अपारदर्शक भांडी. लोणची व मुरांबे यांच्या तपकिरी-पांढऱ्या बरण्या या प्रकारात मोडतात. मीठ व आंबट यांचा धातूवर परिणाम होतो, तसा या बरण्यांवर होत नाही.

पोर्सलीन : केओलीन ही शुभ्र माती व फेल्डस्पारयुक्त दगड यांपासून सुमारे १,२०० ते १,४०० अंश सेल्सियस तापमानावर तयार होणारी भांडी. ती कठीण व शुभ्र असतात आणि पातळ असल्यास त्यांतून प्रकाश आरपार दिसतो.

बोन चायना : पोर्सलीनच्या मिश्रणात प्राण्यांच्या हाडांची राख मिसळून केलेली भांडी. पारंपरिक कृतीत राखेचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. या कारणामुळे काही शाकाहारी कुटुंबे ही भांडी वापरत नाहीत. त्यामुळे भेट देण्यापूर्वी प्रकार ठाऊक असणे उपयुक्त ठरते.

इतिहास

पोर्सलीनचा उगम चीनमध्ये झाला. ज्यांगशी प्रांतातील जिंगडेझन हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध केंद्र असून, 'केओलीन' हे नाव त्या शहराजवळच्या गाओलिंग या ठिकाणावरून आले आहे. पोर्तुगीज, डच व इंग्रज व्यापाऱ्यांनी निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांची मोठ्या प्रमाणावर युरोपात आयात केली. युरोपात पोर्सलीनची कृती दीर्घकाळ अज्ञात होती. सॅक्सनीमध्ये योहान फ्रीडरिश बोट्गर व एरेनफ्रीड वाल्टर फॉन चिर्नहाउस यांच्या प्रयोगांतून ती साध्य झाली आणि इ.स. १७१० मध्ये माइसेन येथील कारखाना सुरू झाला.

इंग्लंडमधील स्टॅफर्डशर हा परगणा अठराव्या शतकात या उद्योगाचे केंद्र बनला. जोसाया वेजवुड यांनी १७५९ मध्ये तेथे आपला कारखाना काढला. स्पोड घराण्याच्या कारखान्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस बोन चायनाची कृती स्थिरावली. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र पातळ कागदावर उतरवून ते भांड्यावर छापण्याच्या पद्धतीमुळे हाताने रंगवण्याचा खर्च वाचला आणि चित्रांकित ताटल्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. याच पद्धतीने छापलेली 'विलो पॅटर्न' ही निळी नक्षी आजही संग्राहकांत लोकप्रिय आहे. पूल, वाळुंजीचे झाड व दोन पक्षी असलेल्या या चित्राला जोडून सांगितली जाणारी प्रेमकथा चिनी वाटत असली, तरी नक्षी व कथा दोन्ही इंग्लंडमध्येच तयार झाल्या.

भारतात विसाव्या शतकात ग्वाल्हेर पॉटरीज, कोलकात्याची बेंगाल पॉटरीज व सौराष्ट्रातील परशुराम पॉटरी वर्क्स यांसारख्या कारखान्यांनी चिनी मातीच्या वस्तूंचे उत्पादन केले. मुंबईत सर ज. जी. कला महाविद्यालयात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर आधारित नक्षीची भांडी घडवली गेली. ही भांडी 'बॉम्बे स्कूल पॉटरी' या नावाने ओळखली जातात.

काळनिर्णय

भांड्याच्या तळावरील छाप हा काळनिर्णयाचा पहिला दुवा असतो. १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यामुळे १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले. त्यामुळे केवळ 'इंग्लंड' असे लिहिलेली वस्तू बहुधा १८९१ नंतरची, तर 'मेड इन इंग्लंड' असे लिहिलेली बहुधा विसाव्या शतकातील असते. जपानी भांड्यांवर १९२१ पर्यंत 'निप्पॉन' व त्यानंतर 'जपान' हे नाव आढळते. 'ऑक्युपाइड जपान' हा छाप दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंत चाललेल्या दोस्तराष्ट्रांच्या ताब्याच्या काळातील आहे. 'वेस्ट जर्मनी' असा उल्लेख १९४९ ते १९९० या काळाकडे निर्देश करतो.

ब्रिटिश भांड्यांवर १८४२ ते १८८३ या काळात चौकटच्या आकाराचे नोंदणीचिन्ह, तर १८८४ पासून नोंदणीचा अनुक्रमांक दिसतो. या दोन्हींवरून नक्षी किंवा आकार केव्हा नोंदवला गेला एवढेच कळते. प्रत्यक्ष भांडे त्यानंतर अनेक वर्षांनी बनलेले असू शकते.

छाप हा साक्षीदार असला, तरी तो एकटा पुरेसा नसतो. माइसेनच्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारींची नक्कल अनेक कारखान्यांनी केली. चीनमध्ये आधीच्या सम्राटांची राजमुद्रा नंतरच्या भांड्यांवर घालण्याची प्रथा होती. त्यामागे फसवणुकीचा हेतू असेच असे नाही, पूर्वसूरींविषयीचा आदरही असे. याउलट अठराव्या शतकातील कितीतरी अस्सल भांड्यांवर छापच नाही. म्हणून जाणकार छापाबरोबर मातीचा रंग, वजन, झिलई, तळाच्या कड्याची झीज व नक्षीची पद्धत यांचाही मेळ पाहतात. खऱ्या वापराने पडलेले ओरखडे असमान असतात. सर्वत्र सारखी झीज किंवा मुद्दाम चढवलेला चहाचा रंग संशयास्पद मानला जातो. ब्रिटिश छापांच्या अभ्यासासाठी जेफ्री गॉडन यांचा १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेला छापांचा कोश प्रमाण मानला जातो.

दोष व दुरुस्ती

टवका उडणे, तडा जाणे, सोनेरी रेघ झिजणे व झिलईवर बारीक जाळीसारख्या रेषा पडणे हे नेहमी आढळणारे दोष आहेत. जाळी झिलईपुरती असते, तर तडा भांड्याच्या अंगात उतरलेला असतो. तळहातावर धरून बोटाने हलके टिचकी मारल्यास निर्दोष पोर्सलीन खणखणीत वाजते व तडकलेले भांडे बद्द वाजते. अर्थनवेअरचा आवाज मुळातच बद्द असल्याने त्याला ही कसोटी लागू पडत नाही. रंग देऊन झाकलेली दुरुस्ती अतिनील प्रकाशात अनेकदा वेगळी उठून दिसते.

आधुनिक चिकटद्रव्ये येण्यापूर्वी फुटलेली मौल्यवान भांडी बारीक छिद्रे पाडून धातूच्या आकड्यांनी जोडली जात. जपानमधील 'किन्त्सुगी' पद्धतीत लाखेने सांधा जोडून त्यावर सोन्याची पूड लावतात आणि भेग लपवण्याऐवजी उघड दाखवतात. दुरुस्त भांडे टाकाऊ नसते. मात्र दुरुस्ती न सांगता ते अखंड म्हणून विकणे ही फसवणूक ठरते. एका संचाच्या किटलीवर दुसऱ्या संचाचे झाकण बसवून ती मूळची म्हणून विकण्याचे प्रकारही आढळतात.

अन्नासाठी वापर

सर्वच जुनी भांडी जेवणासाठी सुरक्षित नसतात. झिलई कमी तापमानावर वितळावी व तिला चमक यावी म्हणून पूर्वी शिशाची संयुगे वापरली जात. झिलईवर चढवलेल्या लाल, नारिंगी व पिवळ्या रंगांत शिसे किंवा कॅडमियम असू शकते. अमेरिकेतील 'फिएस्टा' या प्रसिद्ध भांड्यांच्या लाल झिलईत तर काही काळ युरेनियमचे संयुग वापरले जात असे.

लिंबू, चिंच, कोकम, ताक, व्हिनेगर यांसारख्या आंबट पदार्थांच्या संपर्काने शिसे झिलईतून अन्नात उतरू शकते. पदार्थ जितका वेळ भांड्यात राहील व जितका गरम असेल, तितका धोका वाढतो. शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा गंभीर परिणाम होतो. अन्नाला चव, वास किंवा रंग यांचा कोणताही इशारा मिळत नाही. घरगुती चाचणीच्या कांड्या पृष्ठभागावरील शिसे दाखवू शकतात, पण ते अन्नात किती उतरते हे प्रयोगशाळेतच मोजता येते. म्हणून झिलई झिजलेली, जाळी पडलेली, टवके उडालेली किंवा आतून रंगवलेली जुनी भांडी शोभेपुरतीच ठेवावीत, असा संकेत आहे.

जतन

जुनी भांडी कोमट पाण्यात सौम्य साबणाने, एका वेळी एक याप्रमाणे हाताने धुतात. पातेल्याच्या किंवा टबाच्या तळाशी टॉवेल अंथरल्यास आपटून टवका उडण्याचा धोका कमी होतो. जोडलेले भांडे पाण्यात भिजत ठेवल्यास जुना सांधा सुटू शकतो. भांडी धुण्याच्या यंत्राने सोनेरी नक्षी झिजते, तर सोनेरी किनारीचे भांडे मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्यास ठिणग्या उडतात. जाळी पडलेल्या भांड्यांवर क्लोरीनयुक्त ब्लीच वापरत नाहीत, कारण ते भेगांतून आत शिरून झिलई सोलवटू शकते. ताटल्या एकावर एक रचताना मध्ये कापड किंवा कागद घालतात. कप कानाला धरून टांगणे व एकमेकांत रचून ठेवणे टाळतात.

बाजार व किंमत

लंडनमधील पोर्टोबेलो रोड, मुंबईतील भेंडीबाजाराजवळचा चोर बाजार व पुण्याचा जुना बाजार ही जुन्या वस्तूंची प्रसिद्ध ठिकाणे आहेत. ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थांची दुकानेही संग्राहकांची आवडती आहेत.

अनपेक्षित लाभाच्या कथा या छंदाला प्रसिद्धी देतात. न्यूयॉर्क राज्यात घरगुती विक्रीत तीन डॉलरला घेतलेला एक वाडगा उत्तर सोंग काळातील निघाला आणि मार्च २०१३ मध्ये सदबीजच्या लिलावात २२ लाख डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. अशी उदाहरणे विरळा आहेत. कारखान्यांतून मोठ्या संख्येने निघालेल्या जेवणाच्या संचांना वय होऊनही फारशी किंमत येत नाही. दुर्मीळता, स्थिती, कारागिरी व मागणी या चारांवर भाव ठरतो.

वस्तूची पूर्वपीठिका हाही किमतीचा घटक आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचे गेल्डरमाल्सेन हे जहाज १७५२ मध्ये दक्षिण चीन समुद्रात बुडाले. १९८५ मध्ये त्यातून वर काढलेली सुमारे दीड लाख भांडी पुढील वर्षी ॲम्स्टरडॅम येथे लिलावात विकली गेली. त्यांची तारीख व प्रवास निश्चित ठाऊक असल्याने साध्या वाडग्यांनाही मोठी मागणी आली. मात्र जहाजाचा पुरातत्त्वीय अभ्यास न करता माल काढल्याबद्दल या उत्खननावर तज्ज्ञांनी टीकाही केली.

कायदा

भारतात पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. किमान शंभर वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू या कायद्यानुसार पुरावशेष ठरू शकते. पुरावशेषांचा व्यापार करण्यास परवाना लागतो. केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था वगळता कोणालाही पुरावशेष देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे पणजीची ताटली परदेशातील नातलगाला भेट म्हणून पाठवण्यापूर्वीही तिचे वय पाहावे लागते. संशयास्पद वस्तू पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून घेता येते.

घर, भेट व संग्रहालये

जुनी कपबशी भेट देताना तिच्यासोबत एक चिठ्ठी ठेवण्याची पद्धत संग्राहकांत रूढ आहे. कारखाना, अंदाजे काळ, ती कोठून मिळाली, कोणता दोष आहे व ती वापरासाठी आहे की शोभेसाठी, हे त्यात नमूद करतात. महाराष्ट्रात फुटके वा टवका गेलेले भांडे घरात ठेवणे अशुभ मानण्याचा समज असल्याने दोष आधीच सांगणे शिष्टसंमत ठरते. कुटुंबात वारशाने आलेल्या भांड्यांबाबत ही नोंद अधिक मोलाची असते, कारण छाप कारखाना सांगतो, पण ते भांडे कोणाचे होते हे केवळ घरातील वृद्धांनाच ठाऊक असते.

वैयक्तिक संग्रहातून सार्वजनिक ठेवा निर्माण झाल्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील चिनी व जपानी वस्तूंच्या दालनात सर रतन टाटा व सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतील भांडी आहेत. पुण्यात दिनकर केळकर यांनी सुमारे १९२० पासून रोजच्या वापरातील जुन्या वस्तू जमवल्या. दिवंगत पुत्र राजा याच्या स्मरणार्थ उभारलेले हे संग्रहालय त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. गोव्यात चांदोर येथील मिनेझिस ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात चिनी पोर्सलीन जतन केलेले आहे.