आवाज बंद, मुलं सुरू

काष्टी म्हटलं की शनिवारचा जनावरांचा बाजार डोळ्यांपुढं येतो. बैलाचे दात बघून त्याचं वय सांगणारी पोरं इथल्या वर्गात बसतात. इंग्रजी मात्र घरी, रानात, बाजारात त्यांच्या कानावर पडत नाही. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. पण बोली ऐकायला मिळाल्याशिवाय भाषा येत नाही. म्हणून मी तिसरीच्या वर्गात कार्टून लावतो.

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड मोबाईलवर धरला की दीक्षा ॲपवरचे व्हिडिओ उघडतात. इतरही बरेच मिळतात. लाइट आणि रेंज यांचा भरवसा नसल्यानं मी ते आधीच उतरवून ठेवतो. निवडतो ती गोष्ट दोन-तीन मिनिटांची, कमी बोलण्याची.

पहिल्यांदा आवाज बंद. काय घडतंय ते मुलं मराठीतच सांगतात. मग आवाजासकट. तिसऱ्यांदा माझं बोट थांबवायच्या बटणावर. समजा गोष्ट बकरीची आहे. बकरी बांधाच्या कडेला आली, की चित्र थांबवायचं: ‘द गोट इज गोइंग टू फॉल.’ ती अधांतरी असताना: ‘इज फॉलिंग.’ चिखलात आपटल्यावर: ‘फेल.’ एका पडण्यात तीन काळ, व्याकरणाचं नावही न काढता.

उच्चारांना मात्र पडदा अपुरा. ‘व्हॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वन’ला ओठांचा चंबू होतो. कार्टूनचं तोंड नुसतं उघडतं नि मिटतं. तिथं पडदा बंद करून मुलं माझ्या तोंडाकडं बघतात, मग एकमेकांच्या.

वाचनासाठी खाली इंग्रजी ओळी लावतो. ऐकू येतं तेच पडद्यावर लिहून दाखवलं तर वाचन सुधारतं, या कल्पनेवर अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारींनी १९९६ पासून सिनेगीतांच्या आधारे काम केलं. कार्टूनलाही ते लागू पडतं.

शेवटी पुन्हा आवाज बंद. आता बकरी, मालक, कुत्रा यांचे संवाद मुलांनी बोलायचे. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगीही बकरीच्या आवाजात ‘हेल्प मी!’ म्हणून ओरडते, कारण तेव्हा चूक तिची नसते, बकरीची असते.

लोकवर्गणीतून टीव्ही आला की गावाला वाटतं, काम झालं. टीव्ही लावून शिक्षक बाहेर गेला तर मुलं फक्त हसतात. तासातला अर्ध्याहून जास्त वेळ पडदा गप्प आणि मुलं बोलती राहिली, तरच त्या वर्गणीचं चीज होतं.