उभ्या गाडीचे व्याज

अमेरिकेत ‘रिक्रिएशनल व्हेइकल’ किंवा थोडक्यात आरव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या घरांचा बाजार गेली पन्नास वर्षे तेजी आणि मंदीच्या अशा टोकांमध्ये हेलकावे खात आला आहे, की त्याची कारणे केवळ पेट्रोलच्या भावात, व्याजदरात किंवा मध्यमवर्गाच्या उमेदीत शोधून भागत नाही. ही कारणे खरी आहेत. परंतु गिऱ्हाइकाच्या मनातील लहानसा बदल कारखान्यापर्यंत पोचताना इतका मोठा का होतो, याचा उलगडा त्यांतून होत नाही. तो उलगडा कारखाना आणि कुटुंब यांच्या मध्ये पसरलेल्या विक्रेत्याच्या आवारात, आणि त्या आवारात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीच्या डोक्यावरील कर्जात सापडतो.

आरव्हींची दोन मुख्य कुळे आहेत. स्वतःचे इंजिन असलेल्या गाडीला मोटरहोम म्हणतात, तर दुसऱ्या वाहनामागे जोडून ओढायच्या गाड्या ट्रेलर या वर्गात येतात, आणि संख्येने पाहता दर दहांतील आठ-नऊ गाड्या या ओढायच्याच असतात. त्यांतील मोठ्या, ‘फिफ्थ व्हील’ नावाच्या ट्रेलरचा पुढचा भाग पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जोडावर टेकतो. मुक्कामी पोचल्यावर भिंतीचा अख्खा भाग बाहेर सरकवून खोली रुंद करणारी ‘स्लाइड-आउट’ ही सोय इंडियानातील न्यूमार कंपनीने १९९० मध्ये बाजारात आणली, आणि तेव्हापासून गिऱ्हाईक आत पाऊल टाकताच प्रथम जागेचा ऐसपैसपणा पाहू लागले.

देशातील दर पाचांपैकी चारांहून अधिक आरव्ही इंडियाना राज्यात तयार होतात, आणि त्यांतील बहुसंख्य एल्कहार्ट गावाच्या परिसरातून बाहेर पडतात. पितळी वाद्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात १९३०च्या दशकात ट्रेलर बांधणीची पहिली दुकाने निघाली. पुढे कारखान्याशेजारी सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले, आणि सांगाडा, खिडक्या, फर्निचर असे सारे काही हाकेच्या अंतरावर मिळत असल्यामुळे थोड्या भांडवलात नवी कंपनी काढणे शक्य झाले. येथील जुळणीच्या कामाला यंत्रमानवांपेक्षा माणसांचे हातच अधिक लागतात. लाकडी किंवा अॅल्युमिनियमची चौकट, पातळ प्लायवूड, नळ आणि तारा यांचे काम जलद करणाऱ्या कामगारांत आमिश समाजातील पुरुष मोठ्या संख्येने आहेत. धर्मनिष्ठेमुळे स्वतःची मोटार न बाळगणारी ही माणसे पहाटे सायकलने किंवा भाड्याच्या गाडीने कामावर येतात. अनेक कारखान्यांत मजुरी तयार नगांवर ठरते, म्हणून दिवसाचा ठरलेला आकडा लवकर पुरा झाला की दुपारीच घरी जाता येते. ही पद्धत कामगाराच्या कौशल्याला मान देणारी आहे, पण घाईलाही ती मोबदला देते, आणि मागणी आटली की त्याच्या कुटुंबाचे उत्पन्न त्याच आठवड्यात घटते.

मागणीचे आकडे मात्र जपून वाचावे लागतात. या उद्योगाची प्रातिनिधिक संघटना दरवर्षी जी संख्या प्रसिद्ध करते ती घाऊक रवानगीची असते, म्हणजे कारखान्यातून विक्रेत्याकडे गेलेल्या गाड्यांची. कुटुंबांनी विकत घेतलेल्या गाड्यांची गणना वेगळी होते. १९७२ मध्ये ही रवानगी सुमारे ५ लाख ८३ हजार होती, ती तेलसंकटानंतर १९७४ मध्ये सुमारे २ लाख ९६ हजारांवर आणि दुसरे तेलसंकट व चढे व्याजदर यांच्या कचाट्यात १९८० मध्ये सुमारे १ लाख ७ हजारांवर घसरली. २००६ मध्ये ती पुन्हा ३ लाख ९० हजारांवर पोचली होती. २००९ मध्ये १ लाख ६६ हजार उरली. २०२१ मध्ये तिने ६ लाखांचा विक्रमी टप्पा गाठला, आणि अवघ्या दोन वर्षांत, २०२३ मध्ये, ती ३ लाख १३ हजारांवर आली. निम्म्या कुटुंबांनी एकाएकी प्रवासाची हौस सोडून दिली असा याचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल.

विक्रेता स्वतःच्या पैशाने माल भरत नाही. गाडी कारखान्यातून निघाली की वित्तसंस्था कारखान्याला जवळजवळ पूर्ण किंमत चुकती करते आणि ती रक्कम विक्रेत्याच्या नावे मांडते. तारण असते तीच गाडी. या पद्धतीला ‘फ्लोअर प्लॅन’ म्हणतात, आणि तिचे वैशिष्ट्य असे की आवारातील शंभर गाड्यांवर शंभर निरनिराळी कर्जे असतात, ज्यांतील प्रत्येकाची मुदत त्या त्या गाडीच्या आगमनापासून मोजली जाते. गाडी विकली की तिचे मुद्दल विनाविलंब फेडायचे असते. ती न विकता उभी राहिली तर दरमहा व्याज चढते, आणि साधारण वर्षभराने मुद्दलाचाही काही भाग खिशातून भरण्याचा तगादा सुरू होतो. या सक्तीच्या भरण्याला ‘कर्टेलमेंट’ म्हणतात. वित्तसंस्थेचा तपासनीस वेळोवेळी आवारात येतो आणि रांगेतील प्रत्येक वाहनाचा सतरा अंकाक्षरी ओळख क्रमांक आपल्या यादीशी ताडून पाहतो. यादीतील गाडी जागेवर नसेल आणि तिचे पैसेही जमा झालेले नसतील, तर विक्रेत्याने विश्वासभंग केला असे मानले जाते, आणि बहुतेकदा त्याच्या धंद्याची अखेर तेथूनच सुरू होते. या व्यवहारात ऊन-पावसात रांगांमधून फिरून क्रमांक वाचणाऱ्या या माणसाइतके बाजाराचे खरे ज्ञान फार थोड्यांना असते, कारण कोणती गाडी मागच्या खेपेसही त्याच जागी उभी होती हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

हेलकाव्यांचे रहस्य या रचनेत आहे. एखादा विक्रेता वर्षाला १०० ट्रेलर विकतो आणि ५० साठ्यात ठेवतो असे मानले, आणि विक्री ९० झाल्यावर त्याने व्याजाच्या धास्तीने साठा ४० पर्यंत उतरवायचे ठरवले, तर तो कारखान्याकडून त्या वर्षी केवळ ८० ट्रेलर मागवेल. म्हणजे गिऱ्हाईक दहा टक्क्यांनी घटले असताना कारखान्याचे काम वीस टक्क्यांनी घटेल. तेजीत हेच गणित उलट चालते. शिवाय विक्रेता बुडाल्यास न विकलेल्या गाड्या ठरावीक मुदतीपर्यंत, बहुधा दीड वर्षापर्यंत, परत विकत घेण्याची हमी कारखानदाराने वित्तसंस्थेला दिलेली असते, त्यामुळे विकून मोकळा झालेला माल वाईट काळात पुन्हा कारखानदाराच्याच गळ्यात पडू शकतो.

२००८च्या आर्थिक अरिष्टात ही साखळी वित्तसंस्थांच्या टोकाकडून तुटली. काही मोठ्या संस्थांनी या कर्जव्यवहारातून अंगच काढून घेतले, उरलेल्यांनी हात आखडता घेतला, आणि गिऱ्हाईक दारात असतानाही माल भरायला पैसा नाही अशी वेळ अनेक विक्रेत्यांवर आली. मार्च २००९ मध्ये फ्लीटवुड आणि मोनॅको कोच या दोन नामांकित कंपन्यांनी दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फ्लोरिडातील लेझीडेज या प्रचंड विक्रीसंकुलावरही तीच पाळी आली. एल्कहार्टमधील बेरोजगारी वीस टक्क्यांच्या जवळ पोचली होती. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा पदग्रहणानंतर काही आठवड्यांतच या गावात आले ते याच कारणाने.

२०२० नंतरचा पेच निराळा आहे, आणि अधिक चिंतेचा आहे. महासाथीत विमाने व हॉटेले टाळणाऱ्या कुटुंबांनी आवारे रिकामी केली, विक्रेत्यांनी मिळेल ते मागवले, आणि भाव चढले. २०२२च्या आरंभी जवळजवळ शून्यावर असलेला अमेरिकी मध्यवर्ती बँकेचा व्याजदर जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला, तेव्हा चढ्या भावाने घेतलेला माल आवारात होता आणि फ्लोअर प्लॅनचे व्याज मात्र बाजारदराबरोबर वाढत होते. नव्या सालाचे नमुने उन्हाळ्यातच येऊ लागत असल्यामुळे मागील सालाची गाडी कोरी असूनही जुनी ठरते, म्हणून अनेकांनी तोटा सोसून ती काढली. करकायद्यानेही येथे दीर्घकाळ अन्याय केला. २०१७च्या कायद्याने व्याजाच्या वजावटीवर मर्यादा घालताना फ्लोअर प्लॅनला सूट दिली खरी, पण ती स्वतःच्या इंजिनाने चालणाऱ्या वाहनांपुरती. बाजाराचा कणा असलेले ट्रेलर तिच्याबाहेर राहिले, आणि ही उणीव भरून निघायला २०२५चा नवा कायदा यावा लागला.

दरम्यान उद्योग मोजक्या हातांत एकवटला आहे. थॉर, वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने २००५ मध्ये घेतलेली फॉरेस्ट रिव्हर, आणि विनेबागो या तीन समूहांकडे बहुतेक नाममुद्रा आहेत, तर विक्रीच्या बाजूला कॅम्पिंग वर्ल्डसारख्या साखळ्या कौटुंबिक दुकाने विकत घेत विस्तारल्या आहेत. मोठ्या साखळीला स्वस्त कर्ज मिळते आणि एका गावात न खपलेली गाडी दुसऱ्या गावी हलवता येते. एकट्या विक्रेत्याला ही मुभा नाही, परंतु गिऱ्हाइकाला नावानिशी ओळखून त्याची गाडी वर्षानुवर्षे सांभाळणारा तोच असतो, आणि म्हणून त्याचे बंद पडणे ही साधी घट मानता येत नाही.

दुरुस्तीची स्थिती तर फारच शोचनीय आहे. घाईत जुळवलेले आणि महामार्गावर सतत हादरे खाणारे घर वारंवार दुरुस्तीला येते, कुशल तंत्रज्ञ अपुरे आहेत, आणि दूरवर घेतलेली गाडी स्थानिक विक्रेता आपल्या गिऱ्हाइकांनंतरच हातात घेतो. या उणिवेवर उपाय म्हणून उद्योगाने २०१९ मध्ये एल्कहार्ट येथे तंत्रशिक्षण संस्था सुरू केली. सदोष वाहन बदलून देण्याचे कायदे मात्र अनेक राज्यांत गाडीच्या निवासी भागाला लागू होत नाहीत, आणि बिघाड तर बहुधा त्याच भागात असतो.

या सर्वांहून चिवट अडचण २०२१ च्या खरेदीदारांची आहे. आरव्हीचे कर्ज पंधरा-वीस वर्षांचे असते, त्यामुळे सुरुवातीच्या हप्त्यांत मुद्दल फारसे उतरत नाही, तर गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने घसरते. चढ्या भावात घेतलेल्या ट्रेलरवर आज त्याच्या बाजारभावापेक्षा अधिक देणे शिल्लक असलेली कुटुंबे, पूर्वीच्या रिवाजाप्रमाणे चार-पाच वर्षांनी जुनी गाडी देऊन मोठी घ्यायला आली, तर ती तूट रोखीने भरायची की नव्या कर्जात मिसळायची हा प्रश्न विक्रेत्याच्या टेबलावरच उभा राहतो. पहिले त्यांना परवडत नाही, दुसऱ्याला वित्तसंस्था सहजी संमती देत नाही, आणि तोवर ज्या नव्या गाडीसाठी ही बोलणी चाललेली असतात तिच्या कर्जाची मुदत बाहेर आवारात पुढे सरकत असते.