विश्लेषण : नव्या वेब अ‍ॅपसाठी ‘कंटाळवाणे’ तंत्रज्ञानच का निवडावे?

पतसंस्था, शाळा, शेतकरी उत्पादक कंपन्या, गृहनिर्माण संस्था अशा सगळ्यांनाच आता स्वतःचे वेब अ‍ॅप हवे असते. ते कोणत्या तंत्रज्ञानावर बांधायचे, याचा निर्णय मात्र बहुतेकदा पहिल्याच बैठकीत, घाईने आणि कंत्राटदाराच्या सांगण्यावरून होतो. त्याचे परिणाम पुढची अनेक वर्षे खर्चावर, कामाच्या वेगावर आणि नोंदींच्या सुरक्षिततेवर होतात. हा निर्णय कसा घ्यावा, याविषयी...

निवडायचे म्हणजे नेमके काय?

समजा, नाशिक जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीला सभासदांचा माल, वजन, प्रतवारी आणि देयके यांची नोंद ठेवणारे वेब अ‍ॅप हवे आहे. सभासद ६००, संकलन केंद्रे ४. कंपनीकडे तीन प्रस्ताव आले. पहिला कंत्राटदार पीएचपी आणि मायएसक्यूएलवर साधे अ‍ॅप बांधून देणार आहे. दुसरा रिअ‍ॅक्ट, नोड जेएस आणि ‘मायक्रोसर्व्हिसेस’ सुचवतो. तिसऱ्याच्या मते कोड लिहिण्याची गरजच नाही. तयार ‘नो-कोड’ मंचावर १५ दिवसांत काम होईल. तिन्ही प्रस्ताव आपापल्या जागी ठीक आहेत. मग संचालक मंडळाने निवड कशाच्या आधारे करायची?

वेब अ‍ॅपचे ढोबळमानाने चार भाग असतात. ब्राउझरमध्ये दिसतो तो ‘फ्रंटएण्ड’. हिशेब, नियम आणि परवानग्या सांभाळतो तो सर्व्हरवरचा ‘बॅकएण्ड’. नोंदी साठवतो तो डेटाबेस. आणि हे सारे जिथे चालते तो सर्व्हर किंवा क्लाऊड. या जोडणीला ‘टेक स्टॅक’ म्हणतात. यातला प्रत्येक भाग बदलणे सारखेच अवघड नसते. पडद्यावरचे रूप वर्षभराने बदलता येते. डेटाबेस बदलणे मात्र राहत्या घराचा पाया बदलण्यासारखे असते. त्यामुळे बैठकीत सर्वाधिक वेळ पडद्याच्या रंगरूपावर आणि सर्वात कमी वेळ डेटाबेसवर खर्च होत असेल, तर सुरुवातच उलटी झाली असे समजावे.

मोठ्या कंपन्यांनी काय निवडले?

त्यांच्या निवडीत एकवाक्यता नाही. फेसबुक २००४ मध्ये पीएचपीवर सुरू झाले. इन्स्टाग्रामने पायथन भाषेतील ‘जँगो’ हे फ्रेमवर्क निवडले. २०१२ मध्ये फेसबुकने सुमारे १ अब्ज डॉलरना इन्स्टाग्राम विकत घेण्याची घोषणा केली, तेव्हा त्या कंपनीत अवघे १३ कर्मचारी होते. व्हॉट्सअ‍ॅपने ‘एरलँग’ ही फारशी प्रचारात नसलेली भाषा वापरली. २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या विक्रीची घोषणा झाली, तेव्हा ४५ कोटी वापरकर्त्यांचा भार सुमारे ३२ अभियंते सांभाळत होते.

भाषा वेगवेगळ्या असल्या तरी या निवडींमागचा विचार समान दिसतो. एरलँग ही एरिक्सन या कंपनीत १९८०च्या दशकात टेलिफोन यंत्रणेसाठी तयार झालेली भाषा. एकाच वेळी लाखो जोडण्या न तुटता सांभाळणे हेच तिचे काम, आणि व्हॉट्सअ‍ॅपला नेमके तेच हवे होते. जँगोचा जन्म तर एका दैनिकाच्या कचेरीतला. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्रात २००३ मध्ये त्याची सुरुवात झाली आणि २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. बातमीच्या वेळेआधी पान तयार झालेच पाहिजे, या निकडीतून ते घडले. म्हणूनच थोड्या माणसांनी लवकर काम उभे करण्यासाठी ते आजही सोयीचे ठरते. ‘सर्वात चांगले तंत्रज्ञान कोणते’ या प्रश्नाला त्यामुळे उत्तर नाही. ‘या कामाला आणि या माणसांना कोणते चालेल’ या प्रश्नाला मात्र आहे.

‘लाखो लोक आले तर’ ही भीती कितपत खरी?

‘उद्या वापरकर्ते वाढले तर साधे अ‍ॅप कोसळेल,’ हा महागडे तंत्रज्ञान विकण्याचा हमखास मुद्दा. त्यासाठी ट्विटरचे उदाहरण दिले जाते. २००६ मध्ये ‘रुबी ऑन रेल्स’वर सुरू झालेले ट्विटर पुढे वाढत्या भाराने वारंवार बंद पडू लागले. त्या वेळी पडद्यावर दिसणारे देवमाशाचे चित्र जगभर चेष्टेचा विषय झाले होते. कंपनीने मग यंत्रणेचे महत्त्वाचे भाग टप्प्याटप्प्याने स्काला आणि जावाच्या व्यवस्थेवर नेले. ऑगस्ट २०१३ मध्ये जपानमध्ये एक अ‍ॅनिमेशनपट दूरचित्रवाणीवर दाखवला जात असताना एका सेकंदाला १ लाख ४३ हजारांहून अधिक ट्वीट आले, तरी यंत्रणा डगमगली नाही.

या कथेची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. रेल्समुळे ट्विटर लवकर बाजारात आले. लोकांना ते आवडले म्हणूनच भार वाढला, आणि यंत्रणा बदलण्यासाठी पैसा व माणसे उपलब्ध झाली. आपल्याकडे कोविन संकेतस्थळावर एप्रिल २०२१ मध्ये १८ वर्षांवरील सर्वांची नोंदणी खुली झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नाव नोंदवले. तसा भार अपेक्षित असेल तर तयारीही तशीच हवी. ६०० सभासदांच्या कंपनीला ती लागत नाही. एक साधारण सर्व्हर आणि नीट बांधलेला डेटाबेस एवढ्या लोकांसाठी पुरून उरतो.

मायक्रोसर्व्हिसेसने काम सोपे होते का?

मायक्रोसर्व्हिसेस म्हणजे एका अ‍ॅपचे अनेक स्वतंत्र छोटे भाग करून ते नेटवर्कने जोडणे. शेकडो अभियंते असलेल्या कंपनीत प्रत्येक गटाला आपापला भाग मोकळेपणाने बदलता यावा, ही त्यामागची मुख्य सोय. दोन-तीन माणसांच्या चमूला त्यातून सोय कमी आणि देखभालच जास्त मिळते. प्रत्येक भागाची वेगळी स्थापना, वेगळ्या नोंदी आणि वेगळे बिघाड सांभाळावे लागतात.

खुद्द अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडीओच्या एका चमूने २०२३ मध्ये याबाबतचा अनुभव जाहीर केला. चित्र आणि आवाजाचा दर्जा तपासणारी त्यांची यंत्रणा विखुरलेल्या भागांची होती. ते भाग एकत्र केल्यावर तिचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला. त्यावरून मायक्रोसर्व्हिसेस वाईट ठरत नाहीत. पण सुरुवात एकसंध अ‍ॅपने करावी आणि गरज दिसेल तिथेच भाग वेगळा काढावा, हा मार्ग छोट्या चमूसाठी अधिक सुरक्षित असतो.

‘कंटाळवाणे तंत्रज्ञान’ म्हणजे काय?

एट्सी या कंपनीत काम केलेले अभियंते डॅन मॅकिन्ली यांनी २०१५ मध्ये एका निबंधात ही कल्पना मांडली. प्रत्येक संस्थेकडे नावीन्यासाठी जणू तीनच नाणी असतात, असे समजावे. नवी भाषा घेतली की एक नाणे गेले. नवा डेटाबेस घेतला की दुसरे गेले. ती जिथे खरोखर फायदा होईल तिथेच खर्च करावीत. बाकी ठिकाणी जुने, रुळलेले, ‘कंटाळवाणे’ तंत्रज्ञान घ्यावे.

कंटाळवाणे म्हणजे टाकाऊ नव्हे. ते कुठे आणि कसे बिघडते हे हजारो लोकांनी आधीच अनुभवलेले असते. रात्री अडचण आली तर शोधल्यावर उत्तर सापडते. एक डेव्हलपर सोडून गेला तर दुसरा मिळतो. पीएचपी १९९५ पासून आहे आणि जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे ज्या वर्डप्रेसवर चालतात, ते पीएचपीतच लिहिलेले आहे. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसची मुळे १९८६ मध्ये बर्कले विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पात आहेत.

याउलट, चलती असलेले तंत्रज्ञान टिकेलच असे नाही. एके काळी सर्वत्र दिसणाऱ्या अँग्युलर जेएसचा अधिकृत आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला. नंतरची अँग्युलर आवृत्ती इतकी वेगळी होती, की जुनी अ‍ॅप जवळपास नव्याने लिहावी लागली. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले.

नो-कोड आणि क्लाऊडचे काय?

मागणी खरोखर आहे का, हे तपासण्यासाठी नो-कोड मंच उत्तम. कधी कधी साधी ऑनलाइन स्प्रेडशीटही पुरते. प्रश्न येतो तो बाहेर पडण्याचा. मोबाइल अ‍ॅपना तयार बॅकएण्ड पुरवणारी ‘पार्स’ ही सेवा फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली. जानेवारी २०१६ मध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली आणि वर्षभरात तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्वांना दुसरीकडे जावे लागले. तिथे वर्षाची मुदत आणि नोंदी बाहेर नेण्याची सोय मिळाली होती. सगळीकडे ती मिळेलच असे नाही.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरले म्हणून हा धोका पूर्ण टळतो, असेही नाही. रेडिस या लोकप्रिय प्रणालीचा परवाना मार्च २०२४ मध्ये बदलला गेला. मात्र जुना कोड सर्वांसाठी खुला असल्याने लिनक्स फाऊंडेशनच्या छत्राखाली ‘वाल्की’ हा पर्याय लगेच उभा राहिला. बंदिस्त मंचावर ही वाट उपलब्ध नसते.

मराठीसाठी वेगळा विचार लागतो का?

लागतो, आणि तो डेटाबेसच्या पातळीवरच करावा लागतो. मायएसक्यूएलमधील जुना ‘यूटीएफ८’ हा प्रकार एका अक्षरचिन्हाला जास्तीत जास्त ३ बाइट जागा देतो. देवनागरी त्यात बसते. इमोजी आणि मोडी लिपीला मात्र ४ बाइट लागतात. अशा नोंदी तिथे नाकारल्या जातात किंवा अर्धवट साठतात. ‘यूटीएफ८एमबी४’ निवडले की हा प्रश्न सुटतो. २०१८ मधील मायएसक्यूएल ८ पासून ते आपोआप निवडलेले असते; जुन्या सर्व्हरवर मात्र तपासून घ्यावे लागते.

दुसरा मुद्दा वर्णक्रमाचा. युनिकोडच्या क्रमांकांनुसार ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर. त्यामुळे नुसत्या क्रमांकांनुसार लावलेल्या यादीत ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’च्या आधी दिसते. मराठी वाचक ते नंतर शोधतो. मराठीचा वर्णक्रम पाळणारी सोय डेटाबेसमध्ये असते, पण ती मागावी लागते.

एआय कोड लिहीत असताना ही चर्चा कशाला?

एआय साधनांमुळे कोड लिहिण्याचा वेळ कमी झाला आहे. मात्र ज्या भाषांमधला भरपूर कोड इंटरनेटवर उपलब्ध आहे, त्या भाषांतच ही साधने जास्त भरवशाची ठरतात. म्हणजे रुळलेले तंत्रज्ञान निवडण्याचे आणखी एक कारण मिळाले. लिहिलेला कोड बरोबर आहे का, सुरक्षित आहे का, हे तपासायला ती भाषा जाणणारा माणूस लागतोच. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कोड यंत्राने लिहिला होता, ही सबब तिथे उपयोगी पडणारी नाही.

करार करण्यापूर्वी काय विचारावे?

नाशिकच्या त्या कल्पित कंपनीकडे पुन्हा वळू. तिन्ही प्रस्तावांत एक प्रश्न कोणीच विचारलेला नाही : संकलन केंद्रावर नेटवर्क असते का? गाडी काट्यावर उभी असताना नेटवर्क गेले आणि वजनाची नोंद झाली नाही, तर शेतकऱ्याचे पैसे अडकतात आणि भांडण काट्यावरच्या माणसाशी होते. भाषा कोणती, यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. म्हणून आधी वापराची जागा, फोन आणि माणसे पाहावीत. तंत्रज्ञान नंतर ठरवावे.

या कंपनीसाठी पहिला, साधा प्रस्ताव योग्य ठरतो, पण एका भरीसह. वजन नोंदवण्याचे पान नेटवर्क नसतानाही चालले पाहिजे. नोंद फोनच्या ब्राउझरमध्ये साठून नेटवर्क आल्यावर सर्व्हरवर गेली पाहिजे, आणि एकच नोंद दोनदा जाता कामा नये. आजच्या ब्राउझरमध्ये हे शक्य आहे. नावीन्याचे एक नाणे खर्च करायचेच, तर ते इथे करावे.

त्याशिवाय पाच गोष्टी करारात लेखी असाव्यात. कोडची मालकी संस्थेची असेल. डोमेन आणि सर्व्हरचे खाते संस्थेच्या नावावर असेल. सर्व नोंदी केव्हाही सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येतील. बॅकअप रोज घेतला जाईल आणि तो परत चालू करून दाखवला जाईल. आणि आजचा कंत्राटदार उद्या नसेल, तर दुसऱ्याला काम पुढे नेता येईल इतपत माहिती लिहून दिलेली असेल. ज्या कंत्राटदाराला यातली एकही अट जड वाटते, त्याचे तंत्रज्ञान कितीही आधुनिक असले तरी ते संस्थेच्या कामाचे नाही.