वैगुण्याचे मोल

चार-पाच माणसे एका मेजाभोवती बसतात, प्रत्येकापुढे एका काल्पनिक व्यक्तीच्या गुणदोषांची नोंद असलेला कागद असतो, आणि गेम मास्टर म्हणविणारा एक जण प्रसंग कथन करीत जातो. त्या प्रसंगी आपापली व्यक्ती काय करील हे उरलेल्यांनी सांगायचे, आणि जेथे यशापयशाचा भरवसा नसेल तेथे फासे टाकून निकाल लावायचा, एवढाच टेबलटॉप रोलप्लेइंग या खेळाचा प्रपंच आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या अमेरिकनांनी 1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला, तेव्हा बल, बुद्धी, विवेक, चापल्य इत्यादी सहा गुण तीन-तीन फाशांच्या बेरजेवर ठरत, आणि दुर्बलता आलीच तर ती नशिबाने पदरी पडलेली असे. हौसेने ती कोणी मागून घेत नसे. नायक लोभी, भित्रा किंवा मत्सरी असावा, आणि तो तसा असण्यातच खेळाची गोडी असावी, ही कल्पना रुजायला मध्ये काही वर्षे जावी लागली.

1981 च्या ‘चॅम्पियन्स’ने आणि त्याहून पद्धतशीरपणे 1986 च्या ‘गर्प्स’ने दोषांना भाव मिळवून दिला. येथे पात्र घडविणे म्हणजे सावकारी पेढीवरचा जमाखर्चच : सामर्थ्य घ्यावे तर गुणांक खर्ची पडतात, दोष पत्करावा तर ते जमेस येतात. एक डोळा नसणे आणि लोभी असणे या दोहोंबद्दल ‘गर्प्स’च्या दफ्तरी सारखेच पंधरा गुणांक लावलेले आहेत, आणि शरीराचे व्यंग व मनाचा विकार यांना एकाच तराजूत घालण्याचे हे धाडस पाहून हसू आले, तरी त्यातल्या निर्विकारपणाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. परंतु हिशेब आला की हिशेबातली चलाखी आलीच. सारी कथा वाळवंटात घडणार हे ठाऊक असलेला एखादा चतुर खेळाडू आपल्या पात्राला समुद्राचे भय आहे असे नोंदवी, आणि त्यापोटी मिळालेल्या गुणांकांतून तलवारबाजी वाढवून घेई. कर्ज मंजूर होई, वसुली मात्र कधीच होत नसे. 2003 साली आलेल्या ‘फेट’ने यावर तोड काढली ती अशी, की दोष ज्या क्षणी आडवा येईल त्याच क्षणी गेम मास्टरने एक ‘फेट पॉइंट’ पुढे करावा, आणि खेळाडूने तो घेऊन संकट ओढवून घ्यावे किंवा पदरचा एक देऊन सुटका करून घ्यावी.

मला मात्र या साऱ्यांपेक्षा ग्रेग स्टॅफर्डचा ‘पेंड्रॅगन’ अधिक खोल वाटतो. 1985 साली आलेल्या या खेळात खेळाडू आर्थर राजाचे सरदार होतात, आणि दया-क्रौर्य, औदार्य-स्वार्थ, विनय-गर्व अशा स्वभावाच्या तेरा जोड्या प्रत्येकाच्या कागदावर असतात; जोडीतल्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी वीस. समजा, एका सरदाराची दया 13 आणि क्रौर्य 7 आहे, आणि पराभूत शत्रू गुडघे टेकून जीवदान मागतो आहे. वीस बाजूंचा फासा 13 किंवा त्याखाली पडला तर शत्रू सुटला; वर गेला तर फासा पुन्हा, या खेपेस क्रौर्यासाठी, टाकायचा, आणि तो 7 च्या आत आला की तलवार चालते, खेळाडूच्या मनात कितीही करुणा असो! दोन्ही वेळा फासा चुकला तरच निवड त्याच्या हाती उरते. शिवाय स्वभावाचा कोणताही आकडा 16 झाला की त्याबद्दल कीर्ती मिळते, आणि त्यात गुण कोणता नि दोष कोणता हा भेद केलेला नाही. क्रूर सरदारही नावाजला जातोच.

आपल्या विकारांवर आपलीच सत्ता चालत नाही, ही गोष्ट रंगभूमीने फार पूर्वीपासून दाखविली आहे. परंतु ‘एकच प्याला’ या नाटकातल्या व्यसनी सुधाकराचे काम करणाऱ्या नटाला त्याचा शेवट पहिल्या अंकापासून ठाऊक असतो, आणि त्या अधःपाताची जबाबदारी नाटककार गडकऱ्यांच्या शिरावर असते; मेजाशी बसलेल्या खेळाडूला हे दोन्ही आधार नाहीत. त्याने पत्करलेले व्यसन आज जिंकणार की उद्या, हे त्यालाही ठाऊक नसते, आणि म्हणूनच आवरता न आलेल्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर उमटणारी ओशाळगत पुष्कळदा अभिनयाची नसते.

दोष पत्करण्याच्या या मुभेचा गैरवापरही होतो. सोबत्यांची थैली चोरून, किंवा ऐन लढाईत त्यांना सोडून पळून, ‘माझे पात्र असेच वागणार’ अशी कैफियत देणारा खेळाडू बहुतेक मंडळांना परिचित असतो. तो दोष पात्राच्या नावावर घालतो आणि त्याचा भुर्दंड शेजाऱ्यांना भरायला लावतो. जाणता खेळाडू याच्या उलट करतो : त्याचा भित्रेपणा असा असतो की कोणी तरी त्याला धीर द्यावा, त्याचा गर्व असा की कोणाला तरी तो उतरविता यावा; इतरांना करण्यासारखे काही उरते तोवरच दोष खेळात खपतो. दोषांचा हा खेळ कोणाला जाचू नये म्हणून पहिल्याच बैठकीत, कोणते विषय कथेत आणायचे नाहीत हे ठरवून घेण्याचा शिरस्ता आता पुष्कळ ठिकाणी पडला आहे, आणि तो योग्यच आहे.

जेसन मॉर्निंगस्टारच्या 2009 मधल्या ‘फियास्को’त तर सगळीच पात्रे महत्त्वाकांक्षेने पछाडलेली आणि संयमाला पारखी. गेम मास्टर नाही, राखायचा खजिना नाही, मारायचा राक्षस नाही. क्षुद्र माणसांचा एखादा गुन्हेगारी बेत रचायचा आणि तो कसा बिघडतो हे एका संध्याकाळीत पाहून घ्यायचे. येथे आपल्या पात्राचे भले व्हावे असा हट्ट धरणाराच रसभंग करतो.