चहा : त्वचासंवर्धनातील घरगुती उपयोग

चहा (हिं. चाय, गु. चा, लॅ. कॅमेलिया सायनेन्सिस, कुल–थीएसी) या वनस्पतीच्या पानांच्या, तसेच लोकव्यवहारात ‘चहा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इतर काही वनस्पतींच्या अर्काचा त्वचेची व केसांची निगा राखण्यासाठी घरोघरी केला जाणारा बाह्य उपयोग. कोऱ्या चहाच्या थंड घड्या, चोथ्याचा लेप, केस धुण्याचे पाणी व उटण्यातील भर ही त्याची नेहमीची रूपे होत. मराठी घरांत ही रीत उटण्याइतकी जुनी नाही. तथापि ती ज्या विचारावर उभी आहे, तो जुनाच आहे.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात हाती आरसा धरून प्रसाधन करणाऱ्या राजस्त्रीचे प्रसिद्ध चित्र आहे. इ. स. पाचव्या शतकातील या चित्रावरून त्या काळच्या प्रसाधनविधीला असलेली प्रतिष्ठा कळते. आयुर्वेदाच्या दिनचर्येत अभ्यंगानंतर उद्वर्तन, म्हणजे अंगाला कोरडी वा ओलसर चूर्णे चोळणे, सांगितले आहे आणि दिवाळीतील अभ्यंगस्नानाच्या उटण्यात ही परंपरा अद्याप टिकून आहे [⟶ उटणे]. नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, मसुराचे पीठ हे तिचे परिचित घटक. चहाला त्यांत स्थान नव्हते. आसामातील चहाच्या झाडांकडे रॉबर्ट ब्रूस यांचे लक्ष १८२३ मध्ये गेले व आसामी चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये १८३९ मध्ये झाला. सर्वसामान्य मराठी घरांत चहा रुळला तो विसाव्या शतकातच. त्यामुळे चहाच्या सौंदर्यगुणांना ‘प्राचीन’ म्हणून देण्यात येणारी प्रमाणपत्रे विश्वासार्ह नाहीत.

चहा नवा असला, तरी तो करण्याची कृती आयुर्वेदाला अपरिचित नाही. स्वरस, कल्क, क्वाथ, हिम व फांट अशा पाच कषायकल्पना शास्त्रात सांगितल्या आहेत. उकळते पाणी औषधीवर ओतून ते काही वेळाने गाळले की फांट होतो. थंड पाण्यात रात्रभर भिजविले की हिम. आटवून काढला की क्वाथ किंवा काढा. परदेशी रीतीचा चहा हा फांट होय, तर आपल्याकडे पातेल्यात उकळला जाणारा चहा क्वाथाच्या जवळ जातो. त्वचेसाठी फांट किंवा हिमच योग्य. उकळल्याने अर्क अधिक तुरट व गडद होतो आणि त्वचेवर व कपड्यांवर डाग पाडतो. दूध घातलेला चहा तर या कामी निरुपयोगीच, कारण दुधातील केसीन हे प्रथिन चहातील पॉलिफिनॉलांना बांधून ठेवते. साखरेमुळे द्रव चिकट होऊन त्यात सूक्ष्मजंतू लवकर वाढतात.

चहाच्या कोवळ्या पानांच्या शुष्क वजनापैकी सु. २५ ते ३५% भाग पॉलिफिनॉलांचा असतो, तर कॅफीन सु. २ ते ४% असते. हिरव्या चहात पाने वाफेने अथवा तव्यावर तापवून त्यांतील एंझाइमांची क्रिया थांबवितात. त्यामुळे कॅटेचिने, व त्यांतही एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, बव्हंशी टिकून राहतात. काळ्या चहात ऑक्सिडीकरणाने त्यांपासून थीफ्लाविने व थीरुबिजिने बनतात आणि पेयाला तांबूस रंग येतो. दोन्ही प्रकारांतील तुरटपणा त्वचेच्या पृष्ठावरील प्रथिनांना किंचित आकसवितो. घामट वा तेलकट चेहऱ्यावर चहाची थंड घडी ठेवल्यावर ताजेपणा जाणवतो तो यामुळे, आणि बऱ्याच अंशी नुसत्या थंडाव्यामुळेही. सुजलेल्या पापण्यांवर ठेवलेल्या चहाच्या पुडीचे श्रेय अनेकदा कॅफीनला देतात. साध्या गार पाण्याची घडीही जवळजवळ तेवढेच काम करते. पाझरणाऱ्या इसबावर टॅनिनयुक्त द्रवाच्या ओल्या पट्ट्या ठेवण्याची रीत मात्र त्वचारोगचिकित्सेतही जुनी आहे.

हिरव्या चहाच्या अर्काने जंबुपार किरणांमुळे त्वचेवर येणारी लाली कमी होते, असे मानवी त्वचेवरील प्रयोगांत दिसून आले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये हिरव्या चहातील कॅटेचिनांचे १५% मलम बाह्य जननेंद्रियांवरील चामखिळींसाठी औषध म्हणून मान्य केले. परंतु हे मलम व घरातील पेला यांत मोठे अंतर आहे. मलमातील घटकांचे प्रमाण निश्चित केलेले असते. घरच्या फांटातील कॅटेचिने हवेच्या व पाण्याच्या संपर्काने काही तासांतच बदलू लागतात (हिरवा चहा ठेवल्यावर तपकिरी होतो तो यामुळेच) आणि पाण्यात विरघळणारी असल्याने ती त्वचेच्या बाह्य शृंगी थरातून सहजी आत शिरत नाहीत. चहाने वर्ण उजळतो, सुरकुत्या नाहीशा होतात किंवा उन्हापासून पुरेसे संरक्षण मिळते, या समजुतींना आधार नाही.

मराठवाड्यात पाण्याचा प्रश्न येथेही आडवा येतो. छत्रपती संभाजीनगर शहराला जायकवाडीच्या नाथसागराचे पाणी मिळत असले, तरी अनेक वस्त्यांतून कूपनलिकांचे पाणी वापरावे लागते. बेसाल्ट खडकातील हे भूजल बहुधा कठीण असते. अशा पाण्यात केलेल्या चहावर तेलकट दिसणारा तवंग येतो. तो तेलाचा नसून कॅल्शियमाचे क्षार व ऑक्सिडीकृत पॉलिफिनॉले यांचा असतो. पेय मळकट, गडद होते व मुखपृष्ठावर ओघळ राहतात. याउलट चहाचे पाणी किंचित अम्लीय असल्याने साबणापेक्षा ते त्वचेच्या नैसर्गिक पीएच मूल्याला जवळचे असते. त्यासाठी गाळलेले मऊ पाणी वा साठविलेले स्वच्छ पावसाचे पाणी उकळून घ्यावे.

केसांसाठीचा एक उपयोग येथील घरांत विशेष रूढ आहे. मेंदीची (लॉसोनिया इनर्मिस) पूड कोऱ्या चहाच्या पाण्यात कालवून लोखंडी कढईत रात्रभर भिजवितात. कोणी त्यात आवळकाठीही घालतात. चहातील व आवळ्यातील टॅनिनांचा लोहाशी संयोग होऊन काळपट संयुगे बनतात. जुन्या काळची शाई याच तत्त्वावर होत असे. मेंदीतील लॉसोनाचा नारिंगी-तांबडा रंग त्यामुळे खोल होतो. ही काळसर मेंदी व बाजारातील ‘काळी मेंदी’ एक नव्हेत. दुसरीत बहुधा पॅराफिनिलीन डायअमाइन मिसळलेले असते व त्याने तीव्र अधिहर्षता (ॲलर्जी) उद्भवू शकते.

चोथ्याने चेहरा घासण्याची रीत मात्र प्रस्तुत लेखकास मान्य नाही. महाराष्ट्रात खपणारा चहा मुख्यतः सीटीसी पद्धतीचा, म्हणजे यंत्रात चिरडून, फाडून व वळवून दाणेदार केलेला असतो. ते कण भिजल्यावरही टोकदार राहू शकतात. मुरुमे असलेल्या त्वचेवर त्यांनी ओरखडे पडून दाह वाढतो. चोथा वापरायचाच, तर तो मसुराच्या अथवा हरभऱ्याच्या पिठात थोडा मिसळून हातापायांपुरता वापरावा.

गवती चहा (सिंबोपोगॉन सायट्रेटस, कुल–ग्रॅमिनी) हे वस्तुतः गवत असून त्याचा चहाशी नावापुरताच संबंध आहे. परसात, कुंडीत, सांडपाण्याच्या कडेला ते सहज वाढते. याच प्रजातीतील रोशा गवतापासून खानदेशात पूर्वी मोठ्या प्रमाणावर तेल काढीत. गवती चहाच्या बाष्पनशील तेलात सिट्रल हा घटक सु. ६५ ते ८५% असतो. त्याचा वास आल्हाददायक व तेलाची सूक्ष्मजंतुरोधक क्रिया प्रयोगशाळेत स्पष्ट दिसते. पात चुरून केलेला सौम्य फांट स्नानाच्या पाण्यात घालण्यास हरकत नाही. शुद्ध तेल मात्र थेट त्वचेवर लावू नये. सिट्रलामुळे संपर्कजन्य त्वचाशोथ होऊ शकतो. म्हणूनच यूरोपीय संघाच्या नियमांनुसार धुऊन न टाकावयाच्या प्रसाधनांत ते ०·००१% हून अधिक असल्यास वेष्टनावर तसा उल्लेख करावा लागतो.

अलीकडे कॅमोमाइलच्या फुलांचा ‘चहा’ शहरी दुकानांतून मिळू लागला असून तो सौम्य व शामक म्हणून चेहऱ्यासाठी सुचविला जातो. मराठवाड्याच्या संदर्भात याविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. कॅमोमाइल ज्या ॲस्टरेसी कुलातील आहे, त्याच कुलात गाजर गवत अथवा काँग्रेस गवत (पार्थेनियम हिस्टेरोफोरस) येते. या तणाची भारतातील नोंद १९५०–६० या दशकात पुण्याहून झाली आणि थोड्याच वर्षांत ते पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा व शेतांचे बांध व्यापून राहिले. त्यातील पार्थेनिन व तत्सम सेस्क्विटर्पीन लॅक्टोने वाऱ्याने उडणाऱ्या कणांबरोबर अंगावर येतात. पापण्या, चेहरा, मान व कोपराचे पुढचे खळगे येथे खाज सुटते, त्वचा जाड व काळपट होते. शेतात राबणाऱ्यांत हा विकार विशेष आढळतो व तो वर्षानुवर्षे छळतो. अशा व्यक्तीची त्वचा त्याच कुलातील शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांच्या संपर्कानेही बिघडू शकते. चेहऱ्यावरील काळेपणा ‘नैसर्गिक’ उपायाने जावा म्हणून तिने कॅमोमाइलची घडी किंवा झेंडूच्या पाकळ्या घातलेले उटणे लावले, तर मूळ रोगच बळावेल. कोरा चहा वेगळ्या कुलातील असल्याने त्याबाबत हा धोका नाही. तरीही गाजर गवताचा त्रास असलेल्यांनी घरगुती प्रयोगांपेक्षा त्वचारोगतज्ञाचा सल्ला घेणे इष्ट.

दुसरी चूक लिंबाच्या बाबतीत होते. चहाच्या पाण्यात लिंबू पिळून ते चेहऱ्याला लावण्याचे अनेक नुसखे प्रचलित आहेत. लिंबाच्या, विशेषतः सालीच्या रसातील फ्युरोकूमरिने सूर्यप्रकाशात क्रियाशील होऊन त्वचेवर फोड व नंतर दीर्घकाळ टिकणारे काळे डाग पाडतात. जालना–संभाजीनगर पट्ट्यात मोसंबी विपुल होत असल्याने तिची वाळविलेली साल उटण्यात घालतात. असे उटणे लावल्यावर ते पूर्णपणे धुऊन टाकावे व मगच उन्हात जावे.

चहापूड शुद्ध आहे ना, हेही पाहावे लागते. वापरलेला चोथा वाळवून, कृत्रिम रंग देऊन पुन्हा विकण्याची भेसळ होते. पांढऱ्या गाळणकागदावर थोडी पूड पसरून त्यावर थेंबथेंब पाणी शिंपडावे व नंतर कागद धुऊन उजेडात पाहावा. रंगाचे ठळक ओघळ उमटल्यास पूड भेसळीची समजावी. घरच्या फांटात परिरक्षक नसते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते, तेव्हा उघडा फांट एका दिवसात आंबतो. लागेल तेवढाच करावा, शीतकपाटात ठेवला तरी दोन दिवसांत टाकून द्यावा, आणि डोळ्यांत, उघड्या जखमेवर किंवा तान्ह्या मुलांच्या त्वचेवर वापरू नये. प्रथम वापरापूर्वी मनगटाच्या वर आतील बाजूस लावून ४८ तास वाट पाहावी; खाज वा लाली आल्यास तो पदार्थ वर्ज्य करावा.

स्वतःच्या घरापुरत्या अशा मिश्रणांना परवाना लागत नाही. दिवाळीच्या सुमारास महिला बचत गट उटणी व लेप विक्रीस ठेवतात, त्यांची स्थिती वेगळी आहे. प्रसाधन विक्रीसाठी तयार करण्यास औषधे व प्रसाधने अधिनियम, १९४० आणि प्रसाधन नियम, २०२० यांखाली परवाना आवश्यक असतो, व आयुर्वेदीय औषध म्हणून विकल्यास त्यासाठीच्या स्वतंत्र परवान्याची गरज असते. वेष्टनावर घटकांची यादी व मुदत छापावी लागते. चहा, गवती चहा अथवा झेंडू यांपैकी काय घातले आहे हे त्या यादीत स्पष्ट लिहिलेले असले, तरच गाजर गवताच्या विकाराने पीडित ग्राहकाला ते वेळीच बाजूला ठेवता येते.