टेकडीच्या पायऱ्या बघा, मग बोरची जागा ठरवा


यंदा बोर मारायचा विचार असेल तर आधी हे वाचा.

मालेगाव, मानोरा भागातली टेकडी लांबून बघा. उतार एकसारखा नाही, पायऱ्या दिसतात. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला अन् थरावर थर बसत गेले. थराचा मधला भाग टणक *काळा पाषाण*. वरचा भाग भोकाभोकांचा, तो लवकर झिजून *मुरूम* होतो. पाषाण कड्यासारखा उभा राहिला, मऊ भाग झिजून सपाटी झाली. दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल गेरूसारखी माती लागते, विहीर खोदताना तुम्ही पाहिली असेल.

पाणी मुरमातून, भेगांतून खाली जातं. खाली अखंड पाषाण किंवा लाल थर आला की अडतं आणि आडवं सरकतं. पावसाळ्यानंतर टेकडीच्या मध्येच झरा पाझरतो, तो यामुळेच.

म्हणून कड्याच्या माथ्यावर बोर नको, तिथलं पाणी बाजूने निघून जातं. पायथ्याला, जिथे मुरूम जाड, तिथे आशा जास्त. अखंड पाषाण लागल्यावर "अजून 100 फूट मारू" म्हणणाऱ्याचं मीटर चालतं, पाणी भेग सापडली तरच. नारळ फिरवणाऱ्याचं तर बोलतच नाही 😊

आजूबाजूच्या विहिरींत मुरूम किती फूट, पाषाण कितीवर, गेरू कुठे लागला ते विचारून लिहा. कागदाचा फोटो ग्रुपवर टाका, मी बघून सांगतो.